ब्रूस डिकिन्सन गेल्यावरचा आयर्न मेडनचा 'द एक्स फॅक्टर' खरंच टाकाऊ आहे का?

नाही हो, अजिबात नाही. तुम्ही विचारलंय की गायक ब्रूस गेल्यावर आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने ब्लेझ बेलीला घेऊन १९९५ साली जो 'द एक्स फॅक्टर' काढला तो सगळे सोडून द्यायला सांगतात, मग ऐकावा की सरळ ब्रूस परत आल्यावरच्या २०००च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'वर जावं. ऐकाच. मी म्हापशाचा, लग्नाच्या आणि फेस्ताच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो आणि मेडनचा बासवाला स्टीव्ह हॅरिस याला ऐकून ऐकूनच बास हातात घेतला, त्यामुळे या अल्बमबद्दल जरा जास्तच लिहिलं जाईल, सांभाळून घ्या. पण एक गोष्ट आधीच सांगतो, या अल्बमची जेवढी बदनामी झाली त्यातली निम्म्याहून जास्त ब्लेझच्या डोक्यावर मारली गेलीय आणि ते बरोबर नाही.

थोडं मागचं सांगतो म्हणजे पुढचं समजेल. ब्रूस १९८१ला आला, 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंत सात अल्बम गायला आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये शेवटचा शो करून बाहेर पडला. आता बारा वर्षं एकच गळा कानात बसलेला असतो, आणि गळा पण कसला, चढा, मोकळा, नाटकवाल्यासारखा आवाज फेकणारा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला पण वाटलं पाहिजे की हा माझ्याकडे बघून गातोय. त्याच्या जागी १९९४ला आला ब्लेझ, वुल्फ्सबेन नावाच्या बँडचा गायक, हा बँड १९९०ला मेडनच्या इंग्लंडच्या दौऱ्यात आधी वाजवायला असायचा त्यामुळे माणूस ओळखीचाच होता. पण आवाज पूर्ण वेगळा. जड, खालचा, छातीतून येणारा. ब्रूस जिथे वर जाऊन उघडतो तिथे ब्लेझला ताणावं लागतं, आणि ब्लेझ जिथे खाली बसून गातो तिथे ब्रूसचा गळा तितका दाट लागत नाही. हे दोन वेगळे गळे आहेत, एक चांगला आणि एक वाईट असं नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आमच्याकडे गावात भजनाला बसलो की पेटीवाला आधी काय विचारतो, पट्टी कितली. बुवा काळी एकमध्ये गाणारा असला तर पेटी तिथे लागते, दुसऱ्या गजराला दुसरा गाणारा उठला आणि त्याचा आवाज खाली असला तर पेटी लगेच खाली येते, पखवाजवाला पण पुडी परत लावून घेतो, यात कोणाला कमीपणा वाटत नाही, गाणाऱ्याला त्याची पट्टी द्यायची ही साधी रीत आहे. मेडनने ब्लेझसाठी हेच केलं नाही. गिटार तेच नेहमीचं स्टँडर्ड ट्युनिंग, ब्रूसच्या वेळचं 'द ट्रूपर' त्याच पट्टीत, 'हॅलोड बी दाय नेम' त्याच पट्टीत, आणि म्हण बाबा आता. गिटारवर अर्धा किंवा एक सूर खाली उतरायला काय लागतं, खुंट्या सैल करायच्या बस, कितीतरी बँड उतरतात आणि ऐकणाऱ्याला कळत पण नाही. दौऱ्यात ब्लेझच्या आवाजावर ताण येऊन काही शो रद्द करावे लागले. लोकांनी ती लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकून ठरवलं की याला गाता येत नाही. आमच्या बँडमध्ये गायक बदलला की सगळ्यात आधी बसून कुठलं गाणं किती खाली घ्यायचं हे ठरतं, नाहीतर रात्री बाराच्या पुढे त्याचा गळा बसलाच म्हणून समजा, आणि मग शिव्या त्यालाच.

पण अल्बमवरची गाणी वेगळी आहेत कारण ती त्याच्या गळ्यासाठी बसवलेली आहेत. नीट ऐकलं तर कळतं, कडवी खाली आहेत, हळू आहेत, बरीच गाणी एकट्या बासवर किंवा स्वच्छ गिटारवर सुरू होतात आणि ब्लेझ तिथे जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो. ११ गाण्यांपैकी ५ मध्ये लिहिणाऱ्यांत ब्लेझचं नाव आहे, म्हणजे नवीन आलेल्या माणसाला नुसता माइक देऊन उभा केला असं पण नाही. गिटारवाल्या जॅनिक गर्सचं नाव तर ७ गाण्यांवर आहे, आणि दुसरा गिटारवाला डेव्ह मरे, त्याचं एकावर पण नाही, हे मला अजून विचित्र वाटतं.

आणि अल्बम एवढा काळा का आहे हे पण समजून घ्या. स्टीव्ह हॅरिसचा त्या काळात घटस्फोट चालू होता. बँड त्याचा, गाणी बहुतेक त्याची, रेकॉर्डिंग त्याच्याच घरच्या स्टुडिओत एसेक्सला, प्रोड्युसर पण तोच, नायजेल ग्रीनबरोबर. म्हणजे घरी पण तेच आणि कामावर पण तेच. 'जजमेंट ऑफ हेवन' ऐका, ते त्याने एकट्याने लिहिलंय, त्यात माणूस सरळ सरळ जगण्याला कंटाळल्याचं बोलतो आणि मग स्वतःलाच वर काढायला बघतो. '२ ए.एम.' मध्ये एक माणूस रात्री कामावरून येऊन एकटा बसलाय, बस एवढंच. 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर' आणि 'द आफ्टरमाथ' युद्धावरून परत आलेल्या सैनिकाची, पण त्यात लढाईची शान नाही, नंतर रात्री झोप लागत नाही ते आहे. मेडनच्या आधीच्या गाण्यांत लढाई बाहेर असायची, इथे ती डोक्याच्या आत आहे. हे सगळं ब्रूसने गायलं असतं तर, माझं स्पष्ट मत आहे, ते भव्य झालं असतं, आणि ते भव्य व्हायला नको होतं. ब्लेझच्या आवाजात थकवा आहे आणि इथे तोच लागत होता.

आता 'साइन ऑफ द क्रॉस'. अल्बमचं पहिलंच गाणं आणि ११ मिनिटांच्या वर. नवीन गायकाची ओळख करून द्यायची असताना कोण असं करेल, कुठलाही बँड चार मिनिटांचं जोरदार गाणं आधी ठेवेल, त्यांच्याकडे 'मॅन ऑन द एज' होतं पण आणि पहिलं सिंगल म्हणून तेच काढलं, पण अल्बम उघडतो मठातल्या साधूंनी एकत्र म्हटल्यासारख्या खालच्या घोषाने. मग बास. एकदम हळू. मग ब्लेझ येतो, कुठेही जोर न लावता, आणि ती पहिली ओळ तो अशी टाकतो की जसा कोणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून तुम्हाला झालेली हकीगत सांगतोय. बराच वेळ काहीच होत नाही, आणि हे काहीच न होणं महत्त्वाचं आहे, मग पूर्ण बँड एकदम अंगावर येतो. मधला वाद्यांचा भाग तर मी शंभरवेळा ऐकला असेन, तीन-चार वेळा चाल बदलते, कीबोर्ड मागून चढत जातो, ड्रमर निको मॅकब्रेन ढोल मारायच्या जागी थांबतो आणि थांबायच्या जागी मारतो, आणि परत मुखड्यावर येतात तेव्हा ब्लेझ पहिल्यांदा पूर्ण ताकद लावतो. ती ताकद त्याने दहा मिनिटं राखून ठेवलेली असते.

गाणं धर्माच्या नावाखाली शिक्षेला नेलेल्या माणसाबद्दल आहे, निदान मी तसं ऐकतो. आणि गोव्यातल्या माणसाला ते ऐकताना दुसरं काय आठवणार. आमच्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६०ला आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२पर्यंत होतं. जुन्या गोव्याला हातकातरो खांब, म्हणजे हात कापायचा खांब, आहे, रस्त्याच्या मधोमध, गाड्या बाजूने जातात, त्याची काय काय गोष्ट सांगतात ते आमच्या पोरांना शाळेपासून माहीत असतं. ब्रिटिश बँडच्या बासवाल्याने एसेक्समध्ये बसून लिहिलेलं गाणं, त्याला गोवा कुठे माहीत असणार, पण माझ्या कॅथलिक ड्रमरला आणि मला दोघांना ते गाणं लागल्यावर गप्प बसावंसं वाटतं, आणि आम्ही त्यावर कधी बोललो पण नाही.

बासवाल्यांसाठी खास म्हणजे 'ब्लड ऑन द वर्ल्ड्स हँड्स'. सुरवातीला हॅरिस एकटाच वाजवतो, बाकी कोणी नाही. तो पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवत नाही, बोटांनीच वाजवतो आणि त्या सुरवातीत बोट तारेवर घासल्याचा, तार फ्रेटवर आपटल्याचा बारीक आवाज पण येतो, हेडफोन लावून ऐका, नुसता मोबाइलचा स्पीकर असेल तर यातलं काही कळणार नाही. मला हा अल्बम पहिल्यांदा मिळाला तो मित्राच्या मोठ्या भावाकडून, तो बोटीवर होता, सुट्टीवर येताना कॅसेटी आणायचा, आणि त्या सुरवातीसाठी आम्ही कॅसेट मागे-पुढे करून करून टेप खराब करून टाकली. आजही नवीन पोरगा शिकायला आला की मी त्याला ते गाणं लावून देतो आणि सांगतो की बघ, बास मागे उभा राहायचं वाद्य नाही.

'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' पण चांगलं आहे, सरळ आहे, मुखडा लगेच तोंडात बसतो. 'द एज ऑफ डार्कनेस' पण. 'लुक फॉर द ट्रुथ' ठीक. 'द अनबिलिव्हर' शेवटचं, विचित्र ताल, आठ मिनिटं, मला आवडतं पण सगळ्यांना आवडेल असं नाही म्हणणार.

आता दोष. दोष आहेत, मोठे आहेत, आणि त्यातला एकही ब्लेझचा नाही. पहिला म्हणजे आवाजाची जुळणी. १९८१च्या 'किलर्स'पासून १९९२पर्यंत मेडनचे सगळे अल्बम मार्टिन बर्चने केले, तो 'फिअर ऑफ द डार्क'नंतर निवृत्त झाला. म्हणजे गायक गेला तेव्हा प्रोड्युसर पण गेला, गिटारवाला एड्रियन स्मिथ तर १९९०लाच गेलेला, हे तिन्ही एकत्र धरा, नुसता गायक बदलला असं म्हणणं अर्धवट आहे. बर्चला गायकाला कुठे ठेवायचं हे कळायचं, थोडी खोली द्यायची, थोडा आवाज पसरू द्यायचा. इथे ब्लेझचा आवाज कोरडा ठेवलाय, आजूबाजूला काही नाही, गिटारी बारीक, आणि मग साध्या सुराची किंचित कमी-जास्त पण सगळी बाहेर दिसते. दुसरा दोष लांबी. ७१ मिनिटं आहे पूर्ण अल्बम, आणि एकामागोमाग एक हळू सुरवात, मग वेग, मग परत हळू, हा साचा इतक्यांदा येतो की सातव्या-आठव्या गाण्याला माणूस थकतो. गंमत म्हणजे त्याच वेळी तीन गाणी अजून रेकॉर्ड केलेली, 'जस्टिस ऑफ द पीस', 'आय लिव्ह माय वे' आणि 'जजमेंट डे', ती सिंगलच्या मागच्या बाजूला टाकली. 'जस्टिस ऑफ द पीस' तर वेगवान, मोकळं गाणं आहे, डेव्ह मरेचा हात त्यात आहे, ते मध्ये टाकून एखादं जड गाणं काढलं असतं तर अल्बमला श्वास मिळाला असता. कोणी केलं हे, माहीत नाही, पण चुकीचं केलं.

काळ पण वाईट होता हो. १९९५ला जुन्या धाटणीचं मेटल म्हणजे लोकांना जुनं वाटायला लागलेलं, अमेरिकेत मेडनला छोट्या कंपनीकडे जावं लागलं आणि छोट्या हॉलमध्ये वाजवावं लागलं. इंग्लंडमध्ये आधीचा अल्बम पहिल्या नंबरला गेलेला, हा आठव्याला थांबला. हे आकडे दाखवून लोक ब्लेझला नापास करतात, पण ब्रूस त्याच वर्षांत एकटा स्वतःचे अल्बम काढत होता, त्याला तरी कुठे मोठी गर्दी होत होती.

गायक बदलला की बँड संपतो असं पण नाही. ब्लॅक सॅबथने गायक ऑझीला १९७९ला काढलं, डिओ आला, १९८०ला 'हेवन अँड हेल' आला आणि तो त्यांच्या सगळ्यात चांगल्या अल्बमांपैकी एक धरतात. का जमलं, कारण त्यांनी डिओला ऑझी व्हायला सांगितलं नाही, गाणीच बदलली, रिफवर, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर, ऑझी जसा रिफच्याच चालीत गायचा तसा डिओ गात नव्हता, तो रिफच्या वरून स्वतःची वेगळी चाल न्यायचा. आणि त्याचा प्रोड्युसर कोण, तर हाच मार्टिन बर्च. एसी/डीसीचं तर सगळ्यांना माहीतच आहे, त्यांचा गायक बॉन स्कॉट १९८०च्या फेब्रुवारीत वारला आणि जुलैत नव्या गायकाबरोबर 'बॅक इन ब्लॅक'. जुडास प्रीस्टने रॉब हॅलफर्डच्या जागी रिपर ओवेन्सला घेतलं, तो प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या बँडमधला, गळा जवळजवळ तसाच, जुनी गाणी तो आरामात गायचा, पण १९९७चा 'जगुलेटर' लिहितानाच कमी पडला असं माझं मत, गाणी नव्हती. म्हणजे बघा, तिथे गळा जुळला आणि गाणी नव्हती, मेडनकडे गाणी होती आणि जुन्या गाण्यांना गळा जुळत नव्हता.

ब्लेझ गेल्यावर काय झालं ते सगळ्यात बोलकं आहे. १९९९ला ब्रूस आणि एड्रियन परत आले, आणि ब्रूसने ब्लेझची गाणी टाकून दिली नाहीत. २००१च्या जानेवारीत ब्राझीलला रिओमध्ये जो प्रचंड शो झाला त्याच्या लाइव्ह अल्बमवर 'साइन ऑफ द क्रॉस' आहे आणि पुढच्या अल्बमचं 'द क्लॅन्समन' पण. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' पण २००३च्या दौऱ्यात वाजवलं. २०१८ला सुरू झालेल्या दौऱ्यात 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही मोठी गाणी परत आली. टाकाऊ अल्बमचं गाणं कोणी वीस वर्षांनी वाजवतं का? २००८च्या १ फेब्रुवारीला मेडनने मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला दौरा सुरू केला तेव्हा आम्ही मित्र थिवीला कोकण रेल्वेत चढून गेलेलो, तो दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता त्यामुळे ब्लेझचं काही वाजलं नाही, ते कळत होतं आधीपासून, तरी परत येताना पूर्ण डब्यात आमचं भांडण 'साइन ऑफ द क्रॉस' कोणाचं चांगलं यावरच. माझं उत्तर ठरलेलं आहे. मुखडा ब्रूसचा, सुरवात ब्लेझची. ब्रूस ती सुरवात गातो तेव्हा तो गोष्ट सांगणारा वाटतो, ब्लेझ गातो तेव्हा तो त्या गोष्टीतला माणूस वाटतो.

तर ऐकायचं कसं. पूर्ण ७१ मिनिटं एका दमात पहिल्यांदाच ऐकू नका, त्यानेच लोक कंटाळतात. आणि कदंबाच्या बसमध्ये किंवा मांडवी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये पण नको, अर्धं गाणं तर इतकं बारीक वाजतं की हॉर्नमध्ये जातं. रात्री, हेडफोन, आणि आवाज नेहमीपेक्षा जरा वर कारण अल्बम दबका आहे. आधी 'साइन ऑफ द क्रॉस' एकटंच. मग बंद करा, दुसऱ्या दिवशी 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज', 'मॅन ऑन द एज' आणि 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर'. ही पचली की 'जजमेंट ऑफ हेवन', 'ब्लड ऑन द वर्ल्ड्स हँड्स' आणि 'द एज ऑफ डार्कनेस'. बाकीची तुमची तुम्ही जाल. शब्द समोर ठेवून ऐका, या अल्बममध्ये शब्दांना वजन आहे. ब्रूसशी तुलना पहिल्या वेळी करू नका, कठीण आहे पण करू नका. ब्लेझचं लाइव्ह ऐकायचंच असेल तर 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' शोधा, गाणं ब्रूसच्या वेळचं आहे पण सुरवात खाली आणि हळू असल्यामुळे ब्लेझला ते असं बसलंय की काही लोकांना तेच जास्त आवडतं, मला पण.

१९९८चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' मात्र सावकाश घ्या, त्यात 'फ्युचरिअल' आणि 'द क्लॅन्समन' सोडली तर मला फारसं हाताला लागत नाही, 'द एंजल अँड द गॅम्बलर'मध्ये तर एकच ओळ इतक्यांदा म्हणायला लावलीय की त्या माणसाची दया येते. त्याऐवजी ब्लेझचा स्वतःचा २०००चा 'सिलिकॉन मेसाया' घ्या. तिथे गिटारी खाली उतरवलेल्या, जड, सगळं त्याच्या गळ्याच्या मापाने, आणि मग कळतं हा माणूस काय गाऊ शकतो. २०२३ला त्याला हार्ट अटॅक आला, बायपास झालं, आणि तो परत स्टेजवर आला, अजून छोट्या छोट्या हॉलमध्ये ही मेडनची गाणी गातो. ते व्हिडिओ मिळतील. १९९५चा मूळ ऐकल्यावर त्यातला 'साइन ऑफ द क्रॉस' बघा आणि इथे खाली लिहा तुम्हाला कुठला जास्त आवडला, मला खरंच जाणून घ्यायचंय.